केळातला ळ

अडतीस हजार रुपयांचं पेन स्वतःच्या पैशानं विकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते परतूरमधल्या आमच्या शाळेचे क्लार्क होते. त्यांची नोकरी संपायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. त्या खरेदीची मी साक्षीदार आहे. नुसती साक्षीदार नाही, दुकानात उभं राहून आरडाओरडा करायचं काम माझ्याकडे होतं. तो का करावा लागला, ते पुढे येईलच. परतुरात आजही जुनं कोणी भेटलं की विचारतं, खरंच घेतलं का हो त्यांनी एवढ्याचं पेन? मी हो म्हणते. मग समोरचा माणूस मान हलवून म्हणतो, डोक्यावर परिणाम झाला असेल. मी गणिताची शिक्षिका आहे, आकडेमोड मला बऱ्यापैकी जमते, आणि माझ्या मते ती किंमत वाजवी होती.

शाळेत सगळे त्यांना मोठे बाबू म्हणायचे. छोटे बाबू म्हणून कोणी नव्हतंच, आणि उंचीनं बघाल तर मोठे बाबू माझ्याही खांद्याला लागायचे नाहीत. पांढऱ्या शर्टाच्या खिशात तीन शाईची पेनं. एकात निळी-काळी शाई, एकात लाल, आणि तिसरं रिकामं. रिकामं कशाला बाळगता, असं विचारलं तर ते आरामाला आहे म्हणून सांगायचे. आठवड्यानं पाळी बदलायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चहावाला चहाबरोबर स्टीलच्या वाटीत कोमट पाणी पाठवायचा, आणि मोठे बाबू त्यात निबा धुवायला बसायचे. निबा वाळेपर्यंत कार्यालयाचं काम बंद. एकदा तपासणीला आलेले साहेब त्या वेळेत येऊन पोचले. त्यांना बाबूंनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि पाऊण तास थांबवून घेतलं. साहेब रागावले नाहीत याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं. जाताना ते कोणती शाई वापरता हे विचारून गेले.

स्वतःचं पेन त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. टेबलाच्या पायाला सुतळीनं एक बॉलपेन बांधून ठेवलं होतं. त्याला ते सरकारी पेन म्हणत. मी रुजू व्हायला आले त्या दिवशी कागद समोर ठेवल्यावर मी पर्समधून माझं बॉलपेन काढलं. बाबूंनी कागद मागे ओढला. ही सही तुमच्या पेन्शनपर्यंत टिकली पाहिजे, असं म्हणाले, आणि मला चक्क स्टेशन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात शाईचं पेन आणायला पाठवलं. जालन्याहून पहाटे निघून वेळेवर पोचलेली मी कागदोपत्री एक तास उशिरा रुजू झाले. पुढचे दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तेही सगळ्यांशी कामापुरतंच बोलायचे.

त्यांचा जीव होता जनरल रजिस्टरात. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात आणि गाव लिहायचं ते जाड पुस्तक. माणूस पुढे कुठंही गेला तरी दाखला लागला की याच पानाशी परत येतो. शाळेत कॉम्प्युटर आल्यावर आमच्यातल्या एकानं बाबूंना विचारलं, आता हे हातानं लिहायची काय गरज? बाबू म्हणाले, कॉम्प्युटर रजिस्टरात बघून लिहिणार, मग रजिस्टर कोणाकडं बघून लिहायचं? आणि त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. आईकडं बघून.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की त्यांच्या खिडकीपाशी रांग फाटकाबाहेर जायची. बाप नाव सांगायला लागला की बाबू त्याला हातानं थांबवायचे आणि मागं उभ्या असलेल्या बाईला पुढे बोलवायचे. तिनं नाव सांगायचं, बाबूंनी ते म्हणून दाखवायचं, तिनं हो म्हणायचं, मगच निब कागदाला लागायची. आणि नावात ल आला की ठरलेला प्रश्न: लसणातला ल का केळातला ळ? उत्तरेकडून रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या एका माणसाला हा प्रश्न कळेचना. जो आपको ठीक लगे, असं तो तीनदा म्हणाला. बाबूंनी त्याला बाजूला बसवलं, रांगेतल्या एका बाईच्या पिशवीतलं केळं मागून घेतलं आणि त्याच्यासमोर धरून त्याला ळ म्हणायला शिकवलं. त्याचं आडनाव शुक्ला होतं. त्यात ळ नव्हता हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. स्टाफरूममध्ये आम्ही या प्रसंगाची नक्कल करायचो, आणि सांगायला हरकत नाही, सगळ्यात चांगली नक्कल माझी व्हायची.

सुट्टीत ते जालन्याला किंवा थेट संभाजीनगरला जायचे, पेनं बघायला. सोबत रजिस्टरच्या कागदाचा एक ताव गुंडाळून. दुकानदार परीक्षेला गुळगुळीत कागद पुढे करतो, त्यावर झाडूची काडीसुद्धा चांगलं लिहील, असं त्यांचं म्हणणं. नवीन पेननं लोक श्री काढतात किंवा आपलं नाव लिहितात. बाबू ळ काढायचे. ळ ला दोन पोटं. निब जाड असली किंवा शाई जास्त सोडत असली की दोन्ही पोटं भरतात आणि कागदावर नुसता काळा ठिपका उरतो. मग वाचणारा आपल्या सोयीनं त्याला ल म्हणून मोकळा होतो. चार-पाचशेच्या वरचं पेन मात्र त्यांनी कधी घेतलं नव्हतं. नापास झालेली पेनं ते फेकायचे नाहीत, पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून: कधी घेतलं, कधी काढून टाकलं, कशासाठी. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला म्हणायच्या, लोकांचे नवरे बाजारात साड्या दाखवून राह्यले, आमचे हे निबा दाखवतात.

हे सगळं गमतीचं वाटायचं, पण एका मार्च महिन्यात साळवेंची मुलगी कार्यालयात आली आणि गंमत संपली.

ती आमच्याच शाळेतून दहावी झालेली. नर्स म्हणून सरकारी नेमणुकीसाठी तिची निवड झाली होती. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी अडली, कारण वडिलांच्या कागदावर आडनाव साळवे आणि कॉम्प्युटरवाल्यानं रजिस्टरात बघून छापलेल्या तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सालवे. इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, कारण पुढचे सगळे कागद इंग्रजीत, आणि इंग्रजीत ळ नाहीच. दोन्हीकडे तेच स्पेलिंग. ती आणि तिची आई कापडी पिशवीत कागद घेऊन दारात उभ्या होत्या. आई रोजानं शेतात जाणारी बाई, त्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. बाबूंनी जुनं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका होते. मीही वाकून बघितलं. आडनावाच्या मधोमध एक काळा ठिपका होता. अक्षर बाबूंचं होतं.

आईला सगळं आठवत होतं. ती बाबूंना म्हणाली, "म्या केळातला सांगितला व्हता बाबूजी. तुम्ही इचारलं, म्या सांगितला." आवाजात राग नव्हता.  त्या दिवशी दुपारचा डबा बाबूंनी उघडला नाही.

पंधरा दिवसांनी मूळ रजिस्टर घेऊन जालन्याच्या पडताळणी कार्यालयात हजर राहायचं पत्र आलं. बाबू आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो, मायलेकी बरोबर. बाबूंनी रजिस्टर धुतलेल्या धोतराच्या कापडात बांधून मांडीवर धरलं होतं, आणि खांद्याला अडकवलेल्या शबनममध्ये तो पत्र्याचा डबा. कार्यालयाबाहेर आम्ही चहा घेत होतो, तर तिथं कागदपत्रांची कामं करून देणारा एक माणूस आमचं बोलणं ऐकून जवळ आला. त्यानं ठिपका बघितला आणि हसला. ब्लेडच्या टोकानं दोन्ही पोटांतली शाई जराशी खरवडली की झाला ळ, दहा मिनिटांचं काम आहे, असं त्याचं म्हणणं. पैसेही मागत नव्हता बिचारा. मुलीच्या आईनं आशेनं माझ्याकडे बघितलं, आणि मी खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. खऱ्याचंच खरं करायचं, त्यात कसलं पाप? बाबूंनी रजिस्टर परत बांधलं. म्हणाले, "एका नावाला ब्लेड लागलं, तर मंग ह्यातलं कोणतंच नाव खरं राहत न्हाई."

आत अधिकारी बाई होत्या. शांतपणे ऐकून घेणाऱ्या, पण कागदाच्या पक्क्या. त्यांनी ठिपका भिंगाखाली धरला आणि हा ळ आहे हे मी कशावरून मानू, असं सरळ विचारलं. बाबूंनी पान त्यांच्याकडे वळवलं. त्याच दिवशी लिहिलेली आणखी नावं दाखवली. काळे, मुळे, कांबळे, पिंपळगाव. प्रत्येक ळ चा ठिपका झालेला. कांबळ्यांचं कांबले कोणी वाचत नाही, म्हणून ते सुटले, साळवे तेवढे अडकले. मग त्यांनी डबा उघडला आणि चिठ्ठी बांधलेलं एक जाड पेन काढलं. त्या जूनमध्ये, खिशात आरामाचं तिसरं पेन ठेवायची सवय लागायच्या आधी, त्यांचं नेहमीचं पेन पडून निब वाकली होती आणि दोन दिवस त्यांनी एका पुस्तकविक्रेत्यानं फुकट दिलेलं हे पेन वापरलं होतं. बाईंची परवानगी घेऊन त्यांनी त्यात शाई भरली आणि रजिस्टरच्या तावावर ळ काढले. ओळीनं दहा. दहाच्या दहा भरले. बाईंनी तो कागद रजिस्टरशेजारी ठेवून पाहिला आणि मान्य केलं. मुलीच्या आईनं माझा हात धरला.

तेवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं. पण बाईंनी कागद बंद करता करता विचारलं, हे त्या वेळी तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? मी बाबूंकडे बघितलं. नाही म्हटलं की संपलं होतं. वापरलेलं पेन वाईट निघालं, त्यात माणसाचा काय दोष?

बाबू म्हणाले, "आल्तं मॅडम. चौथ्याच नावाला आल्तं. गर्दी व्हती. वाचणाऱ्याला कळंल, असं म्हणलं आन् पुढं गेलो."

बाईंनी ते लिहून घेतलं, त्यांना लिहिणं भागच होतं. परतीच्या गाडीत मी बाबूंवर खूप चिडले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक डाग नाही, निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि नुसत्या नाहीवर भागलं असतं, तिथं सगळं सांगून मोकळे. ते खिडकीबाहेर बघत होते. परतूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, त्या पोरीच्या आईनं तर मला बराबर सांगितलं व्हतं ना. 

मुलीची पडताळणी झाली, नेमणूक मिळाली. पण तिच्या बरोबरच्या मुली अकरा महिने आधी रुजू झाल्या होत्या आणि नोकरीभर तिच्या पुढेच राहणार होत्या. आणि खात्याकडून शाळेला पत्र आलं की संबंधित लिपिकाला लेखी ताकीद देण्यात येत आहे, तशी नोंद सेवापुस्तकात घ्यावी. ते पत्र मी माझ्या ड्रॉवरमध्ये घातलं आणि कुलूप लावलं. निवृत्तीपर्यंत ते तिथंच राहू द्यायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी बाबू मला म्हणाले, संभाजीनगरला यायचं का, पेन घ्यायचंय आणि मदतीला एक माणूस लागणार आहे. मी गेले. दुकान काचेचं, थंडगार, आणि दुकानदार इतका अदबीचा की मला चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. बाबूंनी तीन पेनं मागितली: दोन हजारांचं, अकरा हजारांचं आणि सोन्याच्या निबेचं अडतीस हजारांचं. ताव पसरला, निबा शाईत बुडवल्या, ळ काढले. तिन्ही पेनांचे ळ स्वच्छ उघडे. मी म्हणाले, झालं तर मग, दोन हजारांचं घ्या आणि चला, वरचे छत्तीस हजार टोपणावरच्या चकाकीचे आहेत. दुकानदाराचा चेहरा उतरला. बाबू म्हणाले, "हे झालं निवांत बसून लिहायचं. आता मला घाई करा मॅडम. जूनसारखी."

म्हणून मी ओरडायला लागले. आधी लाजत, मग मोकळी होऊन. बाबूजी, जल्दी घ्या, माझी परतूर-आष्टी बस जाईल. आधी माझा नंबर होता. काळे लिहा, मुळे लिहा, नळणी बुद्रुक लिहा, कांबळे, ढवळे, गोकुळ, केळातला हो, केळातला. एका नावाचं शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत दुसरं. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघत होती. बाबूंचा हात धावत होता, कपाळावर घाम आला होता, आणि तिन्ही पेनं पाळीपाळीनं कागदावर पळत होती. मी दमून थांबले तेव्हा त्यांनी ताव उजेडाला धरला. दोन हजारांच्या पेनानं निम्मे ळ भरले होते. अकरा हजारांच्या पेनानं तीन. अडतीस हजारांच्या पेनाचा एकही भरला नव्हता. अगदी शेवटचा, जिथं हात घसरला होता, तोसुद्धा नाही.

तरी मी विचारलंच. शिक्षिकेला विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमचा आता एकच जून उरलाय, एका जूनसाठी अडतीस हजार?

"त्या पोरीचा बी एकच जून व्हता, मॅडम."

मग त्यांनी काकूंना फोन लावला. काकूंनी किंमत ऐकली आणि एकच गोष्ट विचारली: ह्याच्यानंतर दुसरं बघणार नाही ना? बाबूंनी दुकानदारासमोर शपथ घेतली. दुकानदारानं पेन मखमलीच्या डबीत घालून दिलं, तर बाबूंनी ते काढून खिशात लावलं आणि डबी मला दिली. मी तिच्यात कानातले ठेवते.

त्या जूनची पानं आजही शाळेत आहेत. नवीन आलेल्या क्लार्कना मी ती मुद्दाम दाखवते. ओळीनं नावं, आणि कुठलाही ळ घ्या, दोन्ही पोटांतून कागद पांढरा दिसतो. निवृत्त झाल्यावर बाबू हसनाबादजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. पेन शाळेला भेट देऊन जातील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी बिलकुल दिलं नाही. निरोपाच्या समारंभात त्या पेनावर भाषणंही झाली, तरी त्यांनी खिशावरचा हात काढला नाही.

पण त्या पेननं लिहिलेली पहिली ओळ रजिस्टरातली नव्हती. पेन घेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्रार्थना झाल्यावर बाबू माझ्या खोलीत आले आणि ते पत्र मागितलं. कसलं पत्र, असं मी म्हणून पाहिलं. ते उभेच राहिले. आवक नोंदीला ते पत्र त्यांनीच चढवलं होतं, त्यांना काय माहीत नसणार? शाळेतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं लिहायचं काम क्लार्कचं, म्हणजे त्यांचं स्वतःचंही तेच लिहिणार, आणि खाली सही माझी. मी म्हणाले, बाबू, नवीन पेन आहे, आधी काहीतरी चांगलं लिहा. ते म्हणाले, आधी राह्यलेलं काम. मी कुलूप उघडलं.

ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, सेवापुस्तक उघडलं, पेनचं टोपण काढून मागे लावलं आणि अजिबात घाई न करता लिहू लागले. 'विद्यार्थिनीच्या नावाची नोंद घेताना निष्काळजीपणा केल्याबद्दल लेखी ताकीद.' निष्काळजीपणा या शब्दात ळ येतो हे तोवर कधी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या आलं असणार, कारण तिथं पोचल्यावर त्यांनी श्वास धरला. ळ काढला. दोन्ही पोटं उघडी, निळ्या-काळ्या रेषेत पांढरा कागद लख्ख. इतकं सुंदर अक्षर मी त्यांचंही कधी पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

बाबूंनी ओळीवर टीपकागद दाबला, पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि विचारलं, "वाचता येतंय ना मॅडम?"

मी म्हणाले, येतंय.

"मंग करा सही."